निरोगी व शाश्वत वाहतूक : आंतरराष्ट्रीय सहकार्य आणि इंदूर

शहरातली रोजची ये-जा माणसाच्या फुप्फुसांना, हाडांना आणि खिशाला कमीत कमी जाचक व्हावी, म्हणून देश, शहरे, बँका व संशोधनसंस्था यांच्यात होणारी ज्ञानाची आणि पैशाची देवाणघेवाण. युरोपात जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा युरोपीय आर्थिक आयोग यांनी २००२ मध्ये यासाठी संयुक्त कार्यक्रम सुरू केला. वाहतूक, आरोग्य व पर्यावरण या तिन्ही खात्यांना त्यात एकत्र बसवले गेले. हे वाटते तितके सोपे नाही : बस एका खात्याची आणि तिच्या धुराने होणारा दमा दुसऱ्याचा, अशीच सगळीकडची रीत. आशियात २००५ मध्ये जपानातल्या नागोया येथे अशाच स्वरूपाचा मंच उभा राहिला. त्याची सहावी बैठक २०११ मध्ये दिल्लीत झाली. २०२६ ते २०३५ हे संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत वाहतुकीचे दशक ठरवले आहे.

इंदुरात बाहेरच्या जाणकाराला बोलावण्याची प्रथा या सगळ्याहून जुनी. प्लेगने गांजलेल्या शहरासाठी होळकर दरबाराने, तुकोजीराव तिसरे यांच्या काळात, स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना पाचारण केले. त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये छापला गेला. दाट वस्तीतून सरळसोट रुंद रस्ते कापून काढण्याला त्यांचा विरोध होता. गल्ल्या पायी फिरून पाहाव्यात, अगदी नड असेल तेवढेच पाडावे, नदीकाठ मोकळा ठेवावा, असे त्यांचे म्हणणे. दिवाळीत त्यांनी प्लेगच्या उंदराची आणि घाणीच्या राक्षसाची मिरवणूक काढली. जो रस्ता लोक सर्वांत स्वच्छ करतील तिकडून ती जाणार, असे त्यांनी आधीच जाहीर केल्याचे सांगतात. मग काय, मोहल्ल्यामोहल्ल्यांत झाडू फिरले!

अलीकडचे सहकार्य बसभोवती फिरले. २००५ मध्ये शहराने बससेवेसाठी स्वतंत्र कंपनी काढली. मे २०१३ मध्ये एबी (आग्रा-मुंबई) रोडवर निरंजनपूर ते राजीव गांधी चौक असा सुमारे साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस मार्ग, म्हणजे फक्त बससाठी राखलेली मार्गिका, सुरू झाला. पैसा मुख्यतः केंद्राच्या नगर नवनिर्माण योजनेचा, तांत्रिक सल्ला एम्बार्क या आंतरराष्ट्रीय संस्थेचा. जागतिक पर्यावरण निधी व जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या राष्ट्रीय प्रकल्पातही इंदूर प्रात्यक्षिक शहर होते. या मधल्या मार्गिकेतून ‘आयबस’ नावाची बस सुसाट निघे आणि दोन्ही बाजूंना अडकलेले मोटारवाले तिच्याकडे रागाने पाहत. प्रश्न कोर्टात गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मार्ग काढून टाकण्यास मान्यता दिली आणि रेलिंग कापायला सुरुवात झाली. परदेशी तज्ज्ञ बसथांबा कसा असावा हे शिकवू शकतात, पण रस्त्यावर पहिला हक्क मोटारीचा की बसमधल्या साठ जणांचा, हे गावालाच ठरवावे लागते. इंदूरने बारा वर्षांत दोन वेगळी उत्तरे दिली. प्रस्तुत लेखकाला पहिले, म्हणजे बसच्या बाजूचे, अधिक पटते.

हवेच्या बाबतीत यूएसएड या अमेरिकी सरकारी मदतसंस्थेच्या ‘क्लीन एअर कॅटॅलिस्ट’ कार्यक्रमात जकार्ता व नैरोबीसोबत इंदूर होते. धूर नेमका कुठून येतो, हे मोजण्यावर त्याचा भर होता. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने ती मदतसंस्थाच गुंडाळली. परक्या पैशावरच्या कामाला ही जोखीम असतेच. उलट शहराच्या ओल्या कचऱ्यापासून गॅस काढणारा, दिवसाला ५५० टन क्षमतेचा प्रकल्प फेब्रुवारी २०२२ पासून आहे, आणि त्या गॅसवर सिटी बस धावतात. स्वच्छतेत सलग पहिले येणाऱ्या शहराला हे साजेसेच.

मेट्रोला ब्रिक्स देशांच्या नव विकास बँकेचे कर्ज आहे. ३१ मे २०२५ रोजी तिचा पहिला सहा किलोमीटरचा, पाच स्थानकांचा टप्पा सुपर कॉरिडॉरवर, म्हणजे वस्ती विरळ असलेल्या भागात, सुरू झाला. गेडिस ज्या गल्ल्यांतून हिंडले त्या राजवाड्याच्या बाजूला ती भुयारातून जायची आहे.