आधी कोणतं कार्ड द्यायचं?

स्मरणशक्ती वाढवून देणाऱ्या वर्गांच्या जाहिरातीत अनेकदा एक तक्ता असतो. पहिल्या दिवशी मुलाला किती शब्द आठवले आणि शेवटच्या दिवशी किती. दुसरा आकडा मोठा असतो आणि तो खराही असू शकतो. पण त्यावरून वर्गाचा उपयोग झाला असं ठरत नाही. त्याच मुलाने तशीच चाचणी पुन्हा दिलेली असते. चाचणीची ओळख झाली, धास्ती गेली, शब्द जोडून लक्षात ठेवायची युक्ती आपोआप सापडली. वर्गाला न जाताही आकडा वाढला असता.

‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या, म्हणजे मेंदूचा मधला भाग ‘जागा’ करून देण्याचा दावा करणाऱ्या वर्गांनी तर याहून वाईट केलं. डोळ्यांवर पट्टी बांधून मुलांना रंग ओळखायला लावले आणि पालकांकडून भरमसाट फी घेतली. नाकाच्या कडेला फट राहते, तिच्यातून खाली दिसतं. हनुवटीखाली आडवा पुठ्ठा धरला की रंग ओळखणं थांबतं.

पट्टीतली फट बुजवता येते. सराव मात्र प्रामाणिक प्रयोगातही शिरतो. उदाहरण म्हणून मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकांतली ओळखीची स्ट्रूप चाचणी घेऊ. जॉन रिडली स्ट्रूप यांनी 1935 मध्ये ती प्रसिद्ध केली. 100 रंगीत चौकोनांचे रंग सांगायला विद्यार्थ्यांना सरासरी 63.3 सेकंद लागले. चौकोनांच्या जागी रंगांची नावं विजोड शाईत छापली, म्हणजे ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत, आणि शाईचा रंग सांगायला लावला, तर 110.3 सेकंद. वाचायची सवय इतकी मुरलेली असते की शब्द नको म्हटलं तरी आधी वाचला जातो.

मराठीत अशी दोन कार्डं, चौकोनांचं साधं आणि रंगीत शब्दांचं विजोड, करायची तर लाल, निळा, हिरवा, जांभळा हे रंग घ्यावेत. पिवळा नको, पांढऱ्या कागदावर पिवळी अक्षरं नीट दिसत नाहीत. दहा ओळी, ओळीत दहा खाने, प्रत्येक रंग 25 वेळा, एकच रंग लागोपाठ दोनदा नाही. आणखी एक गोष्ट सहज निसटते. आधीच्या खान्यात जो शब्द दाबून टाकला, त्याच रंगाची शाई लगेच पुढच्या खान्यात आली की वेळ आणखी वाढतो. अशा जोड्या टाळाव्यात. चूक झाली तर सहभागीने ती सुधारून पुढे जायचं, स्टॉपवॉच थांबवायचं नाही. सुरुवातीला दहा खान्यांची सरावपट्टी द्यावी आणि रंगांधळेपणा तपासून घ्यावा.

आता खरा प्रश्न. कोणतं कार्ड आधी? समजा साध्या कार्डाला 65 सेकंद लागतात, विजोडला 105, म्हणजे खरा फरक 40. आणि दुसऱ्यांदा येणारं कार्ड, मग ते कोणतंही असो, सरावामुळे 6 सेकंद लवकर होतं. सगळ्यांना साधं कार्ड आधी दिलं तर वेळ 65 आणि 99, फरक 34. विजोड आधी दिलं तर 105 आणि 59, फरक 46. निम्म्यांना एक क्रम, निम्म्यांना दुसरा दिला तर सरासरी बरोबर 40. सराव नाहीसा झालेला नाही, तो दोन्ही पारड्यांत सारखा पडला. याला प्रतिसंतुलन म्हणतात आणि इतक्या साध्या हिशेबात इतकं काम करणारी युक्ती प्रयोगशास्त्रात क्वचितच सापडेल.

चार कार्डं असतील तर सगळे क्रम 24 होतात. तेवढे लागत नाहीत. हे चार पुरतात:

अ ब ड क
ब क अ ड
क ड ब अ
ड अ क ब

प्रत्येक कार्ड प्रत्येक स्थानावर एकदाच येतं. शिवाय अ-नंतर ब एकदाच, ब-नंतर अ एकदाच, अशा बाराही जोड्या एकेकदाच येतात. तीन कार्डांना असा एकच चौरस बनत नाही, तिथे सहाही क्रम घ्यावे लागतात. सहभागींची संख्या चाराच्या (किंवा सहाच्या) पटीतच हवी.

युक्ती फसते ती इथे: समजा साध्यानंतर विजोड कार्डाला सरावाचा फायदा फक्त 2 सेकंद मिळाला, पण विजोडनंतर साध्याला 6. मग फरक 38 आणि 46, सरासरी 42. सहभागी 20 असोत की 2000, हे जादा 2 सेकंद हटत नाहीत. असं होऊ शकतं याची खूण स्ट्रूप यांच्याच तिसऱ्या प्रयोगात आहे. अनेक दिवस शाईचे रंग सांगण्याचा सराव केल्यावर विद्यार्थ्यांचं रंगीत शब्दांचं वाचन काही काळ मंदावलं.

म्हणून दोन्ही क्रमांचे आकडे आधी वेगळे मांडावेत. मग प्रत्येकाचं फक्त पहिलं कार्ड घेऊन दोन गटांची तुलना करावी. आपल्या उदाहरणात ती 65 आणि 105 हेच देते, कारण पहिल्या कार्डावर आधीच्या कशाचाच परिणाम नसतो. मात्र मग माणसामाणसांतला फरक मोजणीत येतो आणि सहभागी बरेच जास्त लागतात.

क्रम कोणाला कोणता हे चिठ्ठ्या टाकून आधीच ठरवावं. आधी आलेल्या निम्म्यांना एक क्रम आणि मागाहून आलेल्यांना दुसरा असं केलं तर सकाळचे ताजे एका गटात आणि दुपारी जेवून सुस्तावलेले दुसऱ्या गटात जातात. कोणी मधेच उठून गेलं तर त्याच्या जागी येणाऱ्याला त्याचाच क्रम द्यावा.