प्लेग, डोईपट्टी आणि पीअर्स नांगऱ्या

१३८१ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधले शेतकरी बंड करून उठले. त्या धामधुमीत जॉन बॉल या बंडखोर धर्मोपदेशकाच्या नावाने फिरलेली काही पत्रं तेव्हाच्या इतिवृत्तकारांनी उतरवून ठेवली आहेत. त्यांपैकी एका पत्रात निरोप आहे: पीअर्स प्लाउमनला सांगा, कामाला लाग आणि हॉब दरोडेखोराला चांगली अद्दल घडव. हा पीअर्स कुणी पुढारी नव्हता. विल्यम लँगलंडच्या दीर्घ कवितेतला तो एक नांगऱ्या होता. राजाला मान देणारी, प्रत्येकाने आपापलं काम नीट करावं असं सांगणारी ही कविता बंडवाल्यांच्या तोंडी कशी गेली, हे समजायला दीडएकशे वर्षं मागे जावं लागतं.

१२१५ मध्ये रोममधल्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने नियम केला की जाणत्या वयाच्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाने वर्षातून एकदा तरी धर्मगुरूपुढे पापांची कबुली द्यायची. कबुली घ्यायची तर काय विचारायचं हे धर्मगुरूला ठाऊक हवं. म्हणून सात महापापांची आणि एकेका धंद्यातल्या लबाड्यांची वर्णनं देणाऱ्या पोथ्या निघाल्या. प्रार्थना करणारे, लढणारे आणि राबणारे अशी समाजाची तीन थरांची कल्पना आधीपासून होतीच. कवींना आयता साचा मिळाला: एकेक थर घ्यायचा आणि त्याची झडती काढायची. फ्रान्समध्ये १३१० च्या सुमारास लिहिलेल्या एका काव्यात फोव्हेल नावाचा घोडा आहे. खुशामत, लोभ, मत्सर वगैरे दुर्गुणांच्या आद्याक्षरांतून त्याचं नाव तयार झालंय आणि पोपपासून राजापर्यंत सगळे त्याला खरारा करायला धावतात. अशी टीका खपून जाई, कारण ती माणसांवर होती. तीन थरांची रचना ईश्वरी आहे, बिघडली आहेत ती माणसं, हे सगळ्यांनाच मान्य होतं. या झडतीत शेतकरीही सुटत नसे. तो अडाणी, कुरकुऱ्या आणि चर्चचा दशमांश चुकवणारा ठरे.

१३४८ मध्ये प्लेग इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर उतरला आणि दोनेक वर्षांत देशातली निदान एक तृतीयांश माणसं गेली. शेतं तेवढीच राहिली, राबणारे हात कमी झाले. मजूर दुप्पट मागू लागले, जमीनदाराला सोडून शेजारच्या गावी जाऊ लागले. सरकारने १३४९ मध्ये हुकूम काढला आणि १३५१ मध्ये कायदा केला: मजुरी प्लेगच्या आधीच्या दराने घ्यायची, काम नाकारायचं नाही, धडधाकट भिकाऱ्याला भीक घालायची नाही. १३६३ मध्ये कुणी कोणत्या दर्जाचं कापड घालावं यावरही कायदा आला. आता ‘आपापलं काम नीट करा’ या उपदेशाला कोर्टकचेरीचा वास येऊ लागला होता.

‘पीअर्स प्लाउमन’चा पहिला खर्डा याच काळातला, १३६० च्या दशकाच्या अखेरीचा. मॅल्व्हर्नच्या डोंगरावर विल नावाचा माणूस झोपतो आणि त्याला स्वप्न पडतं. एका बाजूला बुरूज, दुसऱ्या बाजूला खोल अंधारकोठडी आणि मध्ये माणसांनी गजबजलेलं मैदान. तिथे मीड नावाची नटलेली बाई भेटते. ती म्हणजे बक्षिसी आणि लाच एकाच अंगात. कबुली घ्यायला आलेला फ्रायर, म्हणजे भिक्षेवर जगणारा संन्यासी, तिला सांगतो की गव्हाच्या एका ओझ्यात पापं माफ होतील आणि आमच्या चर्चच्या खिडकीला काच बसवून दिलीत तर तिच्यावर तुमचं नावही कोरू. सात पापांमधला खादाड तर विसरता येत नाही. शुक्रवारी कबुली द्यायला चर्चकडे निघालेला हा गडी वाटेत बेटीच्या गुत्त्यात शिरतो. तिथे चांभारीण, कल्हईवाला, टायबर्नचा फाशी देणारा असा सगळा गोतावळा बसलेला असतो. गॅलनभर ढोसून तो जो आडवा होतो, तो थेट रविवारी संध्याकाळी उठतो आणि पहिला प्रश्न विचारतो, ‘पेला कुठाय?’ पोथीतल्या पापाला इथे गल्ली आणि शेजारी मिळाले आहेत.

मग लोक सत्याच्या शोधात यात्रेला निघतात, पण वाट कुणालाच माहीत नसते. ती माहीत असते नांगऱ्या पीअर्सला. तो म्हणतो, दाखवतो, पण आधी माझा अर्धा एकर नांगरून घेऊ. काहीजण काम टाकून गाणी म्हणत बसतात. त्यांना आवरायला आलेल्या सरदाराला ते जुमानत नाहीत, तेव्हा पीअर्स चक्क भुकेला हाक मारतो आणि भूक येऊन त्यांची पोटं पिळते. पुढे सुगी आल्यावर मजुरांना कालची कोबी चालत नाही, ताजं मांस नाहीतर तळलेली मासळी हवी, तीही गरमागरम. मजुरी मनासारखी नसेल तर ते राजाला आणि असले कायदे करणाऱ्या त्याच्या मंडळाला शिव्या देतात. कवीची सहानुभूती इथे मजुरांकडे नाही, हे मान्यच करावं लागतं. तो जवळजवळ कायद्याच्याच भाषेत बोलतो. पण वाट ठाऊक असलेला एकटा माणूस नांगर धरणारा आहे, धर्मगुरू नव्हे, हे लिहून त्याने जुन्या साच्यालाच तडा दिला.

दुसऱ्या, १३७० च्या दशकाच्या अखेरच्या खर्ड्यात त्याने उंदरांची सभा घातली. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायचं ठरतं, बांधायला कुणी धजत नाही आणि एक शहाणा उंदीर सांगतो की मांजराला आहे तसं राहू द्या. १३७६ च्या पार्लमेंटने दरबारी मंडळींवर खटले भरले आणि पुढे ते सगळं उलटवलं गेलं, त्याची ही खूण आहे. रॉचेस्टरचे बिशप टॉमस ब्रिंटन यांनीही त्याच सुमारास प्रवचनात हीच गोष्ट वापरली होती.

पाठोपाठ डोईपट्टी आली. १३७७ मध्ये माणशी चार पेनी आणि १३८० मध्ये बारा. वसुलीवरून ३० मे १३८१ रोजी एसेक्समधल्या ब्रेंटवूडला ठिणगी पडली. लंडनमध्ये सॅव्हॉय राजवाडा जळला, कँटरबरीचे आर्चबिशप सडबरी यांचं डोकं उडवलं गेलं, १५ जूनला बंडाचा पुढारी वॉट टायलर मारला गेला. ‘आदम खणत होता, ईव्ह सूत कातत होती, तेव्हा उमराव कोण होता?’ असं विचारणाऱ्या जॉन बॉलला जुलैमध्ये सेंट ऑल्बन्सला ठार करण्यात आलं.

केंटमध्ये जमिनी असलेल्या कवी गावरने बंडखोरांना लॅटिन काव्यात गाढवं आणि बैल करून टाकलं. ‘कँटरबरी टेल्स’ लिहिणारा कवी चॉसर जपून राहिला. त्याचा नांगऱ्या सालस, दशमांश वेळेवर भरणारा. लँगलंडने मात्र आपली कविताच पुन्हा हातात घेतली. आधीच्या खर्ड्यांत सत्याने पाठवलेलं क्षमापत्र पीअर्स रागाने टराटरा फाडतो. १३८० च्या दशकातल्या तिसऱ्या खर्ड्यात तो प्रसंग नाही. बंडानंतर कवीने हात आखडता घेतला, असं बरेच अभ्यासक मानतात. पण माझ्या मते याच खर्ड्यात तो सर्वांत धीट आहे. मुलांच्या लेंढारात आणि घरभाड्यात पिचलेल्या, सूत कातून मिळालेलं सगळं त्यातच घालवणाऱ्या, रात्री उठून पाळणा हलवणाऱ्या, लोकर पिंजणाऱ्या, ठिगळं लावणाऱ्या आणि भीक मागायची लाज वाटणाऱ्या शेजारणी इथे येतात. त्यांच्यावर कसलाही दोष नाही. शिवाय कवी स्वतःलाही उभं करतो: लंडनच्या कॉर्नहिलमध्ये बायको किटसोबत राहणारा, लोकांसाठी प्रार्थना म्हणून पोट भरणारा उंच विल. विवेक त्याला विचारतो, धडधाकट आहेस, मग कापणीला का जात नाहीस? १३५१ चा कायदा आता कवीच्याच दारात उभा आहे.

ही कविता पन्नासाहून अधिक हस्तलिखितांत टिकली. रॉबर्ट क्राउली या प्रॉटेस्टंट मुद्रकाने ती १५५० मध्ये प्रथम छापली आणि त्याच वर्षी तिच्या तीन आवृत्त्या निघाल्या. एक राजा येईल आणि ॲबिंग्डनच्या मठाधिपतीला सणसणीत तडाखा देईल, अशी एक ओळ तिच्यात आहे. आठव्या हेन्रीने ॲबिंग्डनचा मठ १५३८ मध्ये खरोखरच बंद केला होता, त्यामुळे क्राउलीच्या काळच्या वाचकांना ती भविष्यवाणी वाटली. लँगलंडला मठ सुधारायला हवे होते. मोडायचे असं त्याने कुठेच म्हटलेलं नाही.