कोथरूडचा मस्तानी महाल शुक्रवार पेठेत कसा आला

पुण्याच्या शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मस्तानी महाल पाहताना तो तिथलाच असावा असं वाटतं. मूळचा तो कोथरूडचा. पहिल्या बाजीरावाने १७३४च्या सुमारास मस्तानीसाठी तिथे वाडा बांधला. १७४०मध्ये आधी बाजीराव आणि पाठोपाठ मस्तानी गेली. पुढे त्या वाड्याचे जे अवशेष उरले, ते दिनकर गंगाधर केळकरांनी उचलून आणले आणि त्यातून हा महाल पुन्हा उभा केला.

पेशवाईतलं लाकूडकाम आज इतकं दुर्मीळ का, याचं उत्तर वाड्याच्या बांधणीतच आहे. जोतं दगडी, पण त्यावरचा सांगाडा लाकडाचा: सुरूच्या झाडाच्या घाटाचे खांब, तुळया, कडीपाट म्हणजे कड्या-फळ्यांचं छत, नक्षीदार महिरपी. एकदा आग लागली की सगळं जायचं. १७३२मध्ये वास्तुशांत झालेल्या शनिवारवाड्याला १८२८मध्ये आग लागली आणि आतलं एकही दालन उरलं नाही. राहिले ते तट, दरवाजे आणि जोती. १८७९मध्ये बुधवारवाडाही जळाला. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतली जुनी घरं कोसळली. पण माझ्या मते सर्वांत मोठा घाव आगीचा किंवा पुराचा नव्हता. भाऊबंदांतल्या वाटण्या, वर्षानुवर्षं गोठलेली भाडी, त्यामुळे दुरुस्तीला नसलेला पैसा आणि शेवटी अपार्टमेंट, या क्रमाने वाडे गेले. चौकटी, खांब, दारं जुन्या लाकडाच्या भावाने विकली गेली.

अशा काळात केळकर गोळा करत होते. चष्म्याचं दुकान चालवणारा, ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारा हा माणूस १९२०च्या सुमारास या नादाला लागला. राजा हा त्यांचा मुलगा लहानपणीच गेला; संग्रहाला त्याचंच नाव दिलं. पत्नी कमलाबाईंची या कामात मोलाची साथ होती. दिवे, अडकित्ते, वाद्यं यांच्याबरोबर त्यांनी कोरीव दारं आणि खिडक्याही जमवल्या. राजवाड्याइतकंच सामान्य घराचं दारही जपण्यासारखं आहे, ही त्यांची नजर मला फार मोठी वाटते.

तरीही भिंतीला टेकवलेलं दार अर्धंच बोलतं. गणेशपट्टीवरची, म्हणजे चौकटीच्या वरच्या आडव्या पट्टीवरची, कारागिरी दिसते. दारामागे ओसरी होती की माजघर, ते कळत नाही. मस्तानी महालात मात्र खांब, महिरप आणि छत एकमेकांच्या नात्याने उभे आहेत, म्हणून दालनाची उंची आणि ऐसपैसपणा अंगाला जाणवतो. वाड्याचा चौक आणि बाकीची दालनं अर्थातच त्यात नाहीत.

१९७५मध्ये केळकरांनी हा सारा संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला. आज त्यात वीस हजारांवर वस्तू आहेत आणि मांडलेल्या आहेत सुमारे अडीच हजार.