विंडोज १० असलेला संगणक भंगारात काढावा लागतो का?

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला की संगणक चालूच होणार नाही, हा समज दुरुस्ती करणाऱ्यांच्या दुकानांपासून घरच्या गप्पांपर्यंत बराच काळ फिरत राहिला. तो चुकीचा आहे. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने मोफत सुरक्षा-अपडेट देणे थांबवले, संगणक नव्हे. तो पूर्वीसारखाच सुरू होतो, मात्र नव्याने सापडणाऱ्या त्रुटी उघड्याच राहतात आणि त्यावरून बँकेचे व्यवहार करणे दिवसेंदिवस जोखमीचे ठरते. घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-अपडेटची योजनाही जाहीर झाली होती, पण विक्रेते तिचा उल्लेख क्वचितच करतात.

विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी संगणकातली सोय) आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. ‘टीपीएम नाही’ असा संदेश आला म्हणून लगेच नवा संगणक घेऊ नये, कारण अनेक मदरबोर्डांवर ही सोय असूनही बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डांवर ती ‘पीटीटी’ या नावाखाली सापडते. प्रोसेसरच जुना असेल, तर विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स ही मोफत प्रणाली हा खरा पर्याय आहे. कोणताही मार्ग निवडला तरी फाइलींची प्रत आधी बाहेरच्या डिस्कवर घ्यावी.