थीफ : द डार्क प्रोजेक्ट

लपूनछपून वावरण्याचा संगणकीय खेळ. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज येथील लुकिंग ग्लास स्टुडिओजने तो बनवला आणि आयडॉस इंटरॲक्टिव्हने १९९८ च्या अखेरीस बाजारात आणला. तीन मोहिमांची भर घातलेली ‘थीफ गोल्ड’ ही आवृत्ती १९९९ मध्ये आली. आज नव्याने खेळणाऱ्याने तीच घ्यावी.

नायक गॅरेट हा चोर. तलवार त्याच्याकडे असते, पण दोन पहारेकरी एकदम अंगावर आले की बहुधा त्याचा खेळ संपतो. त्या काळात नायकाच्या डोळ्यांतून दिसणारे बहुतेक खेळ बंदुकीचे होते. इथे मात्र पहारेकऱ्याला पत्ता न लागता पलीकडे जाण्यात कसब आहे.

आवाज हा या खेळाचा प्राण आहे. कोल्हापुरात पायताणाची करकर म्हणजे रुबाब. माणूस वळणावर दिसायच्या आधी त्याची चप्पल ऐकू येते. गॅरेटला नेमकी हीच गोष्ट नडते. गालिचा, गवत आणि माती यांवर पाऊल जवळजवळ वाजत नाही. लाकूड मध्यम वाजते. फरशी आणि संगमरवर खणखणतात, तर धातूची जाळी सर्वांत घातक. मंगळवार पेठेतल्या जुन्या वाड्यात लाकडी जिन्याची कुठली पायरी कुरकुरते हे घरच्या पोरांना पाठ असते. खेळाडूलाही प्रत्येक इमारतीची जमीन तशीच पाठ करावी लागते. आवाज भिंतीतून आरपार जात नाही. दारे आणि बोळ यांतून वळणे घेत पोचतो, दार लावले की दबतो. म्हणून पहारेकऱ्याच्या पावलांवरून, खोकल्यावरून किंवा गुणगुणण्यावरून तो कुठल्या खोलीत आहे, जवळ येतोय की दूर जातोय, हे न बघता सांगता येते. इतकी वर्षे लोटल्यावर चित्रे जुनाट दिसतात, पण हे ऐकणे तसूभरही जुने झालेले नाही.

दुसरा आधार उजेडाचा. पडद्याच्या तळाशी एक रत्न असते. ते काळे असेपर्यंत गॅरेट दिसत नाही. ते जितके उजळ, तितका धोका जास्त. अंधारातही हालचाल केली की रत्न उजळते, बसले की मंदावते. उपसलेल्या तलवारीमुळेही माणूस उठून दिसतो. नवखे खेळाडू तलवार हातात धरूनच फिरतात आणि आपण दिसलो कसे हे त्यांना कळत नाही.

बाणांचा उपयोग मारण्यापेक्षा वाट करून घेण्यासाठी जास्त. पाण्याचा बाण मशाल विझवतो आणि सांडलेले रक्तही धुतो. विजेच्या दिव्यावर मात्र तो वाया जातो. शेवाळाचा बाण फरशीवर मऊ थर पसरतो. दोरीचा बाण लाकडात रुतला की वर चढता येते, आणि वर गेल्यावर तो काढून पुन्हा वापरता येतो. दगडावर मारला तर रुतत नाही, म्हणून आधी छताची तुळई शोधावी. आवाजाचा बाण पहारेकऱ्याला भलतीकडे नेतो. मोहिमेआधी सामान विकत घ्यायचे असते आणि उरलेले पैसे पुढच्या मोहिमेला मिळत नाहीत. कंजुषी करू नये.

सोट्याने पाठीमागून एका फटक्यात बेशुद्ध करता येते, पण माणूस सावध झालेला नसेल तरच. पडलेला देह उचलून अंधारात ठेवावा लागतो, कारण दुसऱ्याने तो पाहिला की आरडाओरडा होतो. सर्वांत कठीण ‘एक्स्पर्ट’ पातळीवर माणसे मारण्यास मनाई असते आणि लूटही जास्त गोळा करावी लागते. खेळाची खरी गोडी याच पातळीवर आहे. लॉर्ड बॅफर्डच्या हवेलीची पहिली मोहीम विहिरीच्या वाटेने तळघरात शिरून सुरू करावी. दर दोन मिनिटांनी सेव्ह करण्याची सवय टाळावी; चुकल्यावर अंधारात दबून राहणे आणि शोध थंडावण्याची वाट पाहणे, यातला थरार त्याने जातो.

मूळ डिस्कवरचा खेळ आजच्या अनेक गाभ्यांच्या (मल्टी-कोर) प्रोसेसरवर अडकतो किंवा बंद पडतो. २०१२ मध्ये चाहत्यांच्या वर्तुळात ‘न्यूडार्क’ नावाची अनधिकृत सुधारणा आली आणि रुंद पडद्यासह खेळ नीट चालू लागला. ‘टीफिक्स’ हा संच ती बसवून देतो. खेळ विंडोजच्या प्रोग्रॅम फाइल्समध्ये न ठेवता वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावा, नाहीतर फाइल लिहिण्याची परवानगी अडते. खास ग्राफिक्स कार्ड नसलेला साधा लॅपटॉपही पुरतो. हेडफोन मात्र हवेतच. कोल्हापूरच्या पावसाळ्यात पत्र्यावर सरी कोसळत असताना स्पीकरवर पहारेकऱ्याचे पाऊल ऐकू येत नाही. खिडकीचा उजेड पडद्यावर पडत असेल तर गामा (चित्राचा उजळपणा) वाढवून काळोख घालवण्यापेक्षा खिडकीचा पडदा ओढावा.

दुसरा भाग ‘द मेटल एज’ मार्च २००० मध्ये आला आणि त्याच वर्षी मे महिन्यात लुकिंग ग्लास बंद पडले. पण खेळाचा नकाशे बनवण्याचा ‘ड्रोमेड’ हा प्रोग्रॅम चाहत्यांच्या हाती होता. त्यावर त्यांनी रचलेल्या मोहिमांची संख्या हजारावर गेली आहे आणि नव्या अजूनही येतात. ‘द डार्क मॉड’ हा याच धाटणीचा मोफत खेळ २०१३ पासून दुसऱ्या कुठल्या खेळाशिवाय स्वतंत्रपणे चालतो. मूळ खेळ विकत घेण्याआधी अंधारातली ही चाल जमते का, हे त्यावर पाहता येते.