सिमेंटची चद्दर उतरवताना हातोडा नको

गेल्या आठवड्यात इंदूरला आमच्या लोकमान्य नगरात शेजारच्या काकू वरच्या खोलीची सिमेंटची चद्दर बदलून घेत होत्या. मिस्त्री वर दणादण हातोडा मारतोय, तुकडे अंगणात पडतायत, आणि खाली काकू पोहे परततायत, नातू दारातच खेळतोय. मी धावतच गेलो, म्हटलं आधी पोराला घेऊन आमच्याकडे चला. तर म्हणाल्या, "अरे, वीस वर्षं याच्याखाली झोपलो, काय झालं?"

त्यांचं अर्धं बरोबर आहे. जुन्या चद्दरीत साधारण १० टक्के अ‍ॅस्बेस्टॉस नावाचं धागेदार खनिज असतं, बाकी सिमेंट, आणि अखंड चद्दरीत सिमेंट ते धागे घट्ट धरून ठेवतं. चद्दर फुटली किंवा ग्राइंडरने कापली की ते सुटतात.

तुटलेली कड लांबूनच नीट बघा, पांढरी लव दिसेल. हे क्रिसोटाईल, अ‍ॅस्बेस्टॉसचाच एक प्रकार. यात सिलिकाच्या थराला मॅग्नेशियमचा थर चिकटलेला असतो, पण मॅग्नेशियमवाला किंचित मोठा, त्यामुळे तो पापुद्रा चटईसारखा आपोआप गुंडाळला जातो आणि त्याची केसाच्या हजारो पट बारीक नळी होते. अशा नळ्यांची जुडी म्हणजे एक धागा. तो फुफ्फुसात किती खोल जाणार हे लांबीपेक्षा जाडीवर ठरतं, म्हणून लांब धागासुद्धा थेट वायुकोशात पोचतो. तिथे सफाई करणारी मॅक्रोफेज पेशी असते, साधारण २० मायक्रॉनची, ती धूळकण गिळून टाकते. पण धागा तिच्यापेक्षा लांब असला तर तिला तो पुरता गिळताच येत नाही, तोंड मिटतच नाही, आणि धाग्यावर सोडायची जहाल रसायनं बाहेर सांडतात, आजूबाजूच्या पेशी भाजतात, पेशी मरते, धागा तसाच, मग दुसरी येते, तिचंही तेच. वर्षानुवर्षं चाललेल्या या जळजळीतून फुफ्फुस घट्ट होतं, किंवा कॅन्सर होतो, तोही बहुतेकदा २० ते ४० वर्षांनी. त्यामुळे "काही झालं नाही" यावर भरवसा नको, आणि खरी काळजी तर रोज हेच काम करणाऱ्या मिस्त्रीची.

आपल्याकडे धुळीत काम केलं की गूळ खातात, छाती साफ होते म्हणून. गूळ पोटात जातो हो, वायुकोशात रुतलेला धागा त्याने हलत नाही!

उतरवायची रीत अशी. घरातली माणसं बाहेर, खिडक्या बंद, भांडी आणि गाद्या झाकलेल्या. चद्दर साबणाच्या पाण्याने हळू फवारून भिजवायची, ओला धागा उडत नाही. गंजलेला हुक कापायचा, चद्दर नाही. वर उभं राहायचं तर फळी टाकून, जुनी चद्दर पायाखाली अचानक फुटते. मिस्त्रीला अगदी बारीक धूळ अडवणारा पी-१०० फिल्टरचा मास्क द्या, रुमालाने काही होत नाही. चद्दर अख्खी खाली घ्यायची, जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळायची, कोरडा झाडू मारायचा नाही, सगळं ओल्या फडक्याने पुसायचं आणि फडकीसुद्धा त्याच प्लास्टिकमध्ये. तुकडे प्लॉटच्या भरावात टाकू नका. घातक कचऱ्याची सोय इंदूरजवळ पिथमपूरला आहे, नगर निगमात विचारून मगच हलवा.

काकूंचं अर्धं छप्पर अजून बाकी आहे. उद्या फवारणीचा पंप मी घेऊन जातोय, आणि काम होईस्तोवर त्या नि नातू आमच्याकडेच जेवतील.