मताधिकाराआधीची खासदार: सुझे ग्रूनवेग यांच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

३ जुलै १९१८ रोजी नेदरलँड्समध्ये संसदेची निवडणूक झाली, तेव्हा मतदारयादीतील प्रत्येक पुरुषाने मतदान केंद्रावर हजर राहणे कायद्याने बंधनकारक होते आणि सबळ कारणाशिवाय गैरहजर राहणारा दंडास पात्र ठरत असे. रॉटरडॅममधील ४३ वर्षांच्या शिक्षिका सुझे ग्रूनवेग यांना मात्र त्याच दिवशी मत देण्याची मनाई होती, कारण त्या स्त्री होत्या. त्यांना निवडणुकीला उभे राहता येत होते, आणि त्या निवडूनही आल्या. डच संसदेतील या पहिल्या स्त्री सदस्याची पुढची कारकीर्द समजून घ्यायची, तर हे दार असे उलट्या बाजूने कसे उघडले ते आधी पाहावे लागते.

१८८३ मध्ये देशातील पहिल्या स्त्री डॉक्टर अलेटा याकोब्स यांनी अ‍ॅमस्टरडॅमच्या मतदारयादीत आपले नाव घालावे, अशी मागणी केली. मतदानासाठी आवश्यक तेवढा कर त्या भरत होत्या आणि मतदार पुरुषच असावा असे कायद्यात कुठेही लिहिलेले नव्हते. मागणी फेटाळली गेली, सर्वोच्च न्यायालयानेही ती मान्य केली नाही, आणि १८८७ च्या घटनादुरुस्तीत मतदाराच्या व्याख्येत ‘पुरुष’ हा शब्द मुद्दाम घालण्यात आला. एका बाईने कायदा नीट वाचला, म्हणून कायदाच दुरुस्त करून घेतला गेला, असे म्हणायला हरकत नाही.

पुढची दुरुस्ती १९१७ ची. तोपर्यंत डच राजकारण दोन प्रश्नांवर अडून बसले होते. धार्मिक पक्षांना आपल्या शाळांसाठी सरकारी शाळांइतकेच अनुदान हवे होते, तर उदारमतवादी व समाजवादी पक्षांना मिळकतीची अट काढून सार्वत्रिक मताधिकार हवा होता. पंतप्रधान कॉर्ट व्हॅन देर लिंडेन यांच्या काळात ही देवाणघेवाण पार पडली: एका बाजूला शाळांचा पैसा, दुसऱ्या बाजूला सर्व पुरुषांना मत. स्त्रियांच्या वाट्याला या सौद्यात उरलेले आले. त्यांना निवडून येण्याचा हक्क लगेच मिळाला, मत देण्याचा हक्क मात्र पुढे साध्या कायद्याने देता येईल एवढी वाट मोकळी ठेवण्यात आली. याच दुरुस्तीने एकेका मतदारसंघातून एकेक उमेदवार निवडण्याची जुनी पद्धत जाऊन पक्षांच्या याद्यांवर आधारलेले प्रमाणशीर प्रतिनिधित्व आले, आणि माझ्या मते ग्रूनवेग यांच्या निवडीत याचा वाटा फार मोठा आहे. जुन्या पद्धतीत त्यांना एखाद्या मतदारसंघातील पुरुष मतदारांचे बहुमत एकटीच्या नावावर मिळवावे लागले असते; यादीच्या पद्धतीत त्यांना आधी पक्षाला पटवायचे होते.

पक्षाला त्यांनी आधीच पटवले होते. ४ मार्च १८७५ रोजी दक्षिण हॉलंडमधील स्ट्रायनसास या खेड्यात जन्मलेल्या ग्रूनवेग १९०३ मध्ये सोशल डेमोक्रॅटिक कामगार पक्षात आल्या. तेच वर्ष रेल्वे कामगारांच्या मोठ्या संपाचे आणि तो मोडण्यासाठी केलेल्या कायद्यांचे. १९१४ मध्ये त्या पक्षाच्या कार्यकारिणीवर निवडल्या गेलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. पण स्त्रियांची वेगळी संघटना असावी, या कल्पनेला त्यांचा ठाम विरोध होता. पक्षातील स्त्रियांच्या स्वतंत्र क्लबांविषयी त्या नाराज असत. कामगार स्त्री आणि कामगार पुरुष यांची लढाई एकच आहे, ती वेगवेगळ्या खोल्यांत बसून लढता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. १९१८ च्या निवडणुकीत पस्तीस वर्षे या हक्कासाठी झगडलेल्या याकोब्स याही एका उदारमतवादी पक्षाच्या उमेदवार होत्या. त्या पडल्या, आणि स्त्रियांच्या वेगळ्या चळवळीकडे संशयाने पाहणाऱ्या ग्रूनवेगबाई निवडून आल्या.

द हेगमधील कनिष्ठ सभागृहाची बैठक त्या काळी एका जुन्या नृत्यशाळेत भरत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तत्कालीन शासक विल्यम पाचवा याच्यासाठी बांधलेल्या या दालनात सदस्य हिरव्या बाकांवर दाटीवाटीने बसत. शंभर सदस्यांपैकी नव्याण्णव पुरुष, आणि त्यांत ही एक शिक्षिका. त्यांच्या पक्षाचे २२ सदस्य निवडून आले होते, पण तो सत्तेपासून दूरच होता. नोव्हेंबर १९१८ मध्ये पक्षाचे नेते त्रूल्स्ट्रा यांनी याच सभागृहात क्रांतीची भाषा केली, ती काही दिवसांतच हवेत विरली, आणि त्यानंतर समाजवाद्यांवरचा अविश्वास दीर्घकाळ टिकला. डच मंत्रिमंडळात या पक्षाला पहिल्यांदा जागा मिळाली ती थेट १९३९ मध्ये. ग्रूनवेग १९३७ पर्यंत सदस्य होत्या, म्हणजे त्यांची संसदेतील जवळपास एकोणीस वर्षे संपूर्णपणे विरोधी बाकांवर गेली. त्या मंत्री का झाल्या नाहीत, याचे उत्तर त्यांच्या स्त्री असण्याइतकेच या राजकीय बहिष्कारातही शोधावे लागते.

स्थानिक राजकारणाची जोड त्यांना लगेच मिळाली. १९१९ मध्ये त्या रॉटरडॅमच्या नगरपरिषदेवर आणि दक्षिण हॉलंडच्या प्रांतिक सभेवरही निवडून आल्या. एकाच व्यक्तीने तिन्ही पातळ्यांवर सदस्य असणे डच व्यवस्थेत चालत असे. या दोन्ही निवडणुका वसंतात झाल्या, आणि स्त्रियांना मताधिकार देणाऱ्या, हेन्री मार्शां यांनी मांडलेल्या विधेयकाला कनिष्ठ सभागृहाने ९ मे रोजी ६४ विरुद्ध १० मतांनी संमती दिली असली, तरी राणी विल्हेल्मिना यांची त्यावर सही झाली ती या निवडणुका होऊन गेल्यावर. म्हणजे संसद, प्रांत आणि शहर या तिन्ही ठिकाणी बाई निवडून आल्या, तेव्हा त्यांपैकी एकाही निवडणुकीत स्वतःला मत देण्याची त्यांना सोय नव्हती. डच स्त्रियांनी संसदेसाठी पहिले मतदान केले १९२२ मध्ये, आणि त्या वेळी सात स्त्रिया निवडून आल्या. वरिष्ठ सभागृहात त्याआधीच, १९२० मध्ये, ग्रूनवेग यांच्याच पक्षाच्या कारी पोथॉइस-स्मित गेल्या होत्या.

नगरपरिषदेत त्या १९३१ पर्यंत राहिल्या आणि प्रांतिक सभेत १९३७ पर्यंत. त्यांचे विषय पाहिले की शिक्षिका दिसते: शाळा, बाळंतपणातील आर्थिक मदत आणि दारूबंदी. स्वतः दारूला न शिवणाऱ्या बाईंना दारू हा नैतिक प्रश्न नसून मजुराच्या पगारातून घराला येणारी तूट वाटत असावी, असा माझा कयास आहे; बंदराच्या शहरात तो हिशेब रोज डोळ्यांसमोर असणार. स्त्रियांच्या नोकरीच्या बाबतीत मात्र काळ उलटा चालला होता. १९२४ मध्ये लग्न करणाऱ्या सरकारी नोकर स्त्रीला कामावरून कमी करण्याचा नियम आला, आणि तो मोडण्यासाठी १९५५ मध्ये समाजवादी खासदार कोरी टेंडेलू यांना ठराव मांडावा लागला. ग्रूनवेग अविवाहित होत्या, आणि १९ ऑक्टोबर १९४० रोजी, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, त्यांचे निधन झाले.

पुढचे टप्पे सावकाश आले. पहिल्या स्त्री महापौर ट्रुस स्मुल्डर्स-बेलियन १९४६ मध्ये एका लहानशा ग्रामीण नगरपालिकेत नेमल्या गेल्या, तेही त्या पदावरील पतीचा नाझी छळछावणीत अंत झाल्यानंतर. पहिल्या स्त्री मंत्री मार्गा क्लोम्पे १९५६ मधील. ग्रूनवेग निवडून आल्या त्याच १९१८ मध्ये स्थापन झालेला कडवा प्रोटेस्टंट पक्ष एसजीपी तर स्त्रियांना उमेदवारीच देत नव्हता. न्यायालयांच्या निकालांनंतर त्याने नियम बदलला आणि त्याची पहिली स्त्री प्रतिनिधी २०१४ मध्ये फ्लिसिंगेनच्या नगरपरिषदेत बसली. रॉटरडॅमला पहिल्या स्त्री महापौर मिळाल्या ऑक्टोबर २०२४ मध्ये: आधी खासदार आणि मग मंत्री राहिलेल्या कारोला स्खौटेन.